नळाची जाळी आणि माझं माहेरचं नाव

जुलै २००४, शनिवार. जागा: सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची मोठी प्रयोगशाळा. उपस्थित: प्राचार्य, विभागप्रमुख, आम्ही सगळे प्राध्यापक, ग्रंथपाल, प्रयोगशाळेचे मामा, एम.एस्सी.चे दोन्ही वर्ग आणि सत्कारमूर्ती. अनुपस्थित: कोणी नाही. शाल, नारळ, पेढे, माइक आणि फेटा बांधणारा ही कामं माझ्याकडे होती, त्यामुळे सगळं वेळेवर होतं.

सत्कारमूर्ती म्हणजे माझी सहकारी. आम्ही दोघी एकाच वर्षी कॉलेजात लागलो आणि तेव्हापासून एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होतो. तिच्या बाजूला उघडी पेनं, चहाचे कप आणि लेबलं निघालेल्या बाटल्या. माझ्या बाजूला काय होतं ते सांगायची गरज नाही.

नव्वदच्या दशकात तिनं एक पाच पानी लेख लिहिला. दवाखान्याच्या नवजात बालकांच्या खोलीत नळाच्या तोंडाला बारीक जाळी असते, त्या जाळीत जंतू घर करतात. टाकीतलं पाणी क्लोरीन घालून कितीही शुद्ध केलं तरी शेवटच्या बोटभर अंतरात ते पुन्हा बिघडतं. म्हणून जाळ्या काढा, नाहीतर दर आठवड्याला उकळा. एवढंच. लेख चांगला होता. चांगला नसता तर मला इतका त्रास झाला नसता.

मग कार्डं येऊ लागली. तेव्हा लेखाची प्रत हवी असली की परदेशातले संशोधक लेखकाला छापील कार्ड पाठवायचे. मामा टपाल घेऊन यायचे आणि मी हात पुढे केला की म्हणायचे, "तुमचं न्हाय म्याडम, त्येंचं हाय. जपानचं तिकीट बगा की कसलं झ्याक हाय!" ती कार्डं तिनं टेबलाच्या काचेखाली लावली. काच दोघींची होती. हळूहळू कार्डं माझ्या बाजूला सरकली.

त्या काळात शिरोळकडचा पूर ओसरला की विहिरींचं पाणी तपासायला मी जायचे. चिखलातून बाटल्या आणायच्या, अहवाल तालुक्याला द्यायचा, आणि कुठल्या विहिरीत किती पावडर टाकायची ते सरपंचांना समजावायचं. त्या अहवालांचा संदर्भ कोण देणार? लोक पाणी पिऊन ठणठणीत राहिले की विषय संपला.

पुढे ग्रंथालयात इंटरनेट आलं. कुणाच्या लेखाचा संदर्भ किती जणांनी दिला हे पडद्यावर दिसू लागलं. ग्रंथपालांनी तिचा आकडा सगळ्या वाचकांना ऐकू जाईल असा वाचला. ते गेल्यावर मी माझं नाव घातलं. काही नाही. मग माहेरचं नाव घातलं.

कॉलेजात येण्याआधी वर्षभर मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होते. तिथं वॉर्डातल्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांवर मी एक लेख लिहिला होता. तो छापून येईपर्यंत माझं लग्न झालं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. पहिलं, मधलं, शेवटचं, तिन्ही बदलली. हे सासरच्या सगळ्यांना कळलं, नियतकालिकाला कळवायचं राहिलं.

तर त्या जुन्या नावापुढे आकडा होता, आणि चांगला होता. मी एकेक लेख उघडून पाहिला. सगळ्यात आधी माझा संदर्भ दिला होता तिनं, जाळीच्या लेखात. बाकीच्यांनी तिचा लेख वाचला आणि तिच्या यादीतून माझा संदर्भ उचलला. म्हणजे माझं नाव जगभर फिरत होतं ते तिच्या बैलगाडीच्या मागे बांधलेल्या बादलीसारखं. आणि तिला माहीतही नव्हतं की ती बादली रोज तिच्यासमोर बसते. मी कुठून आले हे तिनं कधी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाटा मागितल्यासारखं दिसलं असतं. तिचं तिला कळावं, आणि तिनं उठून माझ्याकडे यावं, अशी माझी इच्छा होती.

सत्कार कशासाठी, तर दवाखान्यांतल्या पाण्याच्या सुरक्षेवर परदेशात एक पुस्तिका निघाली आणि तिच्यात हा लेख आला. फेटा तिला मोठा झाला. तो सावरत ती बोलायला उभी राहिली.

"एका बाईंचे आभार मानायचेत," ती म्हणाली आणि माझं माहेरचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. "त्यांचा टाक्यांवरचा लेख वाचला नसता तर मला नळ उघडून बघायचं सुचलंच नसतं. दोन पत्रं टाकली त्यांना, उत्तर नाही. लग्न होऊन संशोधन सोडलं असणार. अशा किती हुशार मुली आपण घालवतो!"

टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी मान हलवली. मीही टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं मी तिच्यावर जळत होते. त्या दिवशी त्या हुशार मुलीवर जळले. तिला चिखल नव्हता, पेढ्यांची मोजणी नव्हती, आणि तिथं हजर नसूनही तिला टाळ्या मिळत होत्या.

मामा शेजारी वाकून म्हणाले, "म्याडम, वळखीची हाय व्हय ती बाई? तुमचं तोंड असं का झालंय?"

"पेढे फिरवा, मामा."

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली. फेटा काखेत. "अगं, तू होतीस म्हणून सगळं नीट झालं. आता अजून एक काम कर की. त्या बाईंना शोधून दे मला. तुझ्याकडे सगळ्या जगाचे पत्ते असतात."

"एवढं काय अडलंय त्यांच्यावाचून?"

"अडलंय म्हणजे काय! पुढचा लेख त्यांच्याबरोबर लिहायचाय. माझ्या एकटीच्या हातून नीटनेटकं काही होतं का?"

"बघते," मी म्हणाले.

सोमवारच्या कामांत मी लिहिलं: मंडपवाल्याच्या खुर्च्या परत, माइक परत, उरलेले नारळ वसतिगृहात, त्या बाईंचा पत्ता. पहिली तीन दुपारपर्यंत झाली. चौथं दर सोमवारी नव्या कागदावर उतरवते. ती समोर बसलेली असते, अधूनमधून विचारते, "लागला का गं पत्ता?" आणि मी सांगते, शोधतेय.