सणाला दार न उघडणारं घर

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एक माझं, एक पेरिहानताईंचं. ताई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या आणि त्यांचे यजमान हुलुसीभाऊ रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लेथवर. दोघं निवृत्त झाले तोवर तुर्कस्तानातलं आमचं हे एस्किशेहिर शहर नुसतं विद्यार्थ्यांनी भरून गेलं होतं. आमच्याच गल्लीत, समोरच्या अंगाला, परदेशी मुलींचं वसतिगृह निघालं. ताईंना त्या मुलींशी काही देणंघेणं नव्हतं. त्या काळात त्यांना कुणाशीच फारसं नव्हतं.

त्यांचा एकुलता मुलगा तुंजाय सक्तीच्या लष्करी सेवेला गेला आणि पूर्वेकडच्या डोंगरात त्याची गाडी सुरुंगावर गेली. त्या वर्षी रमजानचा बायराम, म्हणजे ईद, नोव्हेंबरात होता. ताईंनी सणासाठी चॉकलेटं आणि पाहुण्यांच्या हातावर शिंपडायच्या लिंबाच्या कोलनची नवी बाटली आणून ठेवली होती. बकलाव्याच्या, सणाच्या मिठाईच्या, पातळ पोळ्या लाटायला मी मदतीला गेले होते. बेल वाजली तेव्हा आम्हा दोघींचे हात पिठाने भरलेले होते. ताई तशाच दाराकडे गेल्या. दारात लष्कराचे दोन अधिकारी उभे होते, आणि त्यांच्यामागे जिन्यात एक डॉक्टर.

पहिल्या वर्षी माणसं सांत्वनाला येतात, तशी आली. दुसऱ्या वर्षी ताईंनी पडदे ओढून घेतले. सणाच्या आदल्या दिवशी दोघं कबरस्तानात जायची, मुलाच्या कबरीवरचं तण काढायची, पाणी घालायची, आणि घरी येऊन दार लावून घ्यायची ती सण संपेपर्यंत. नातेवाइकांनी काही वर्षं बेल वाजवून पाहिली, मग त्यांनीही नाद सोडला.

हुलुसीभाऊंचं दुःख वेगळ्या तऱ्हेचं. ते राष्ट्रीय सणांचे झाले. एप्रिलमधला मुलांचा दिवस, मे महिन्यातला तरुणांचा, ऑक्टोबरच्या शेवटी प्रजासत्ताक दिन, एकही चुकवायचे नाहीत. सकाळी दाढी करून, कोट घालून गॅलरीच्या कठड्याला मोठा झेंडा बांधायचे. ताई त्या दिवशी गॅलरीत पाऊल टाकत नसत. या घरात सण असे दोघांत वाटले गेले होते, आणि त्यावर कधी कुणी बोलत नव्हतं.

पुढे पुष्कळ वर्षांनी, बायराम सरकत सरकत जूनमध्ये आला तेव्हाची गोष्ट. गल्ली ओस पडली होती. जो तो आपापल्या गावी गेलेला. वसतिगृहाची खानावळ बंद, कोपऱ्यावरचं बेकरीचं दुकान बंद. मी माझ्या आजारी आईमुळे शहरातच राहिले होते. सकाळी जिन्यात पावलं वाजली आणि समोरची बेल वाजली. मी दार किलकिलं केलं.

निळ्या झग्यातली, रुंद चेहऱ्याची एक मुलगी उभी होती. बराच वेळ कुणी उघडेना. तिने पुन्हा बेल दाबली. शेवटी ताईंनी दार उघडलं.

"बायराम शुभ असो," मुलगी पाठ केल्यासारखं म्हणाली.

"आमच्याकडे बायराम नसतो," ताई म्हणाल्या. "तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. वर्गात बाई म्हणाल्या, बायरामला मोठ्या माणसांकडे जायचं, हात चुंबायचा. इथे माझं मोठं माणूस कुणी नाही. खालची सगळी दारं बंद आहेत." ती शब्द शोधत थांबली. "तुमचं पण बंद होतं. पण आत रेडिओ बोलत होता."

मुलीने ताईंचा हात घेऊन चुंबला, कपाळाला लावला, आणि मग एकदम वाकून आपले दोन्ही हात त्यांच्या कोपरांखाली धरले, म्हाताऱ्या माणसाला उठताना आधार द्यावा तसे.

"हे कुठलं आता?" ताई दचकल्याच.

"हे आमचं. मंगोलियाचं. नव्या वर्षाला मोठ्यांना असं धरतात. म्हणजे, मी आहे, तुम्ही टेका."

ताई तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि मला स्वयंपाकघरातली कपाटं उघडल्याचे, मिटल्याचे आवाज ऐकू आले. सणाच्या दिवशी घरात गोडाचा कणही नव्हता. त्या चहाच्या साखरेचे मूठभर खडे घेऊन आल्या आणि ओशाळून म्हणाल्या, "एवढंच आहे बघ."

मुलीने एक तिथल्या तिथे तोंडात टाकला. तिचं नाव सोलोंगो.

त्यानंतर ती येतच राहिली. कधी व्याकरण विचारायला, कधी उगाच. हुलुसीभाऊ सुरुवातीला कुरकुरले, "हे घर आहे की वसतिगृहाची दुसरी शाखा?" पण ती यायची वेळ झाली की चहाचं आधण तेच टाकायचे.

ऑक्टोबरमध्ये प्रजासत्ताक दिनाला त्यांनी नेहमीप्रमाणे झेंडा बांधला. माझी गॅलरी त्यांच्या गॅलरीला लागून, मध्ये फक्त एक पातळ पत्रा, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं, फटीतून थोडं पाहिलंही. सोलोंगो झेंड्याचं दुसरं टोक धरून होती. तिने सरळ विचारलं, "काका, मावशी आत का बसल्यात?"

"तिला त्यातलं काही विचारू नकोस," भाऊ हळू आवाजात म्हणाले.

"विचारू दे," ताई आतूनच म्हणाल्या. "झेंड्यावर माझा राग नाही गं. पण तो दिसला की मला ते दारातले बूट दिसतात. लख्ख पॉलिश केलेले. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं, बुटांकडेच बघत होते."

मग भाऊंचा आवाज आला, "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

"मला वाटायचं, एखाद्या वर्षी मी झेंडा लावला नाही, तर पोरगा फुकट गेला असं होईल. म्हणून लावत राहिलो, पेरिहान. मला कुठे हौस आहे?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ताई गॅलरीच्या दारापर्यंत आल्या. बाहेर आल्या नाहीत, उंबऱ्यावर थांबल्या. "गाठ सैल बसलीय," म्हणाल्या. "वाऱ्याने सुटेल. नीट बांध." मी पत्र्याच्या अलीकडे तोंडावर हात धरून उभी होते.

जानेवारीत, बर्फ गुडघाभर असताना, सोलोंगोचे वडील गेले. ते गुराखी होते, ऐन गारठ्यात छातीत कळ आली. तिला जाता येईना. तिकडच्या राजधानीपर्यंत विमान मिळालं तरी पुढे गावापर्यंतचा रस्ता बर्फाने बंद, पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार. ती आमच्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिली होती. रडतही नव्हती. ताईंनी तिला उठवून आत नेलं, आपल्या पलंगावर झोपवलं, आणि मला हाक मारली, "फेर्दा, तुझ्याकडचं मोठं पातेलं आण."

आमच्याकडे माणूस गेलं की घरात रव्याचा हलवा भाजतात. येणारा प्रत्येकजण थोडा वेळ चमचा फिरवतो, फिरवताना गेलेल्यासाठी दुआ मागतो. ताईंनी लोणी टाकलं, रवा टाकला. तेवढ्यात तळमजल्यावरच्या मुअल्लाबाई वासाने वर आल्या.

"कोण गेलं?"

"सोलोंगोचे वडील."

"अगं, पण ती माणसं आपल्या धर्माची नाहीत. त्यांच्यासाठी हलवा चालतो का? इमामांना तरी विचारायचं."

ताईंनी मान वर केली नाही. "मुअल्ला, पोर बापाविना झालीय आणि रडायला जवळ तिचं कुणी नाही. मला एवढंच कळतं. चमचा धरायचा असेल तर ये. नाहीतर दार लाव, गार वारा येतोय."

मुअल्लाबाईंनी दार लावलं. आतून. आणि बाह्या सारून चमचा घेतला.

आणि मग भाऊ कोट चढवून बाहेर पडले. मला वाटलं, गर्दी नको म्हणून गेले. पण ते मजल्या-मजल्यावर जाऊन बेल वाजवत होते. इतक्या वर्षांत ज्यांच्या दाराशी ते उभे राहिले नव्हते, त्यांना सांगत होते, "आमच्या घरी दुखवटा आहे. मुलीचे वडील गेलेत. येऊन जा." मग वसतिगृहात गेले. थोड्या वेळात समोरच्या घराबाहेर बुटांची रांग जिन्यापर्यंत गेली. किर्गीझ मुली आल्या, सोमालियाच्या आल्या, दूध देणारा आला. जो येई तो सोलोंगोच्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, "तू सलामत राहा." केव्हातरी ती ताईंच्या मांडीवर डोकं ठेवून हंबरडा फोडून रडली. तिच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता ताईही रडल्या. तुंजायच्या वेळी त्या रडल्या नव्हत्या, हे मला पक्कं माहीत आहे. तेव्हा मी शेजारीच होते.

पुढचा बायराम आला तेव्हा आदल्या दिवशी सोलोंगो त्यांच्याबरोबर कबरस्तानात गेली. तिने वडिलांसाठी दूध आणलं होतं. तिकडे बोटांनी दूध आकाशाकडे शिंपडतात म्हणे. तिने भाऊंना विचारलं, इथे चालेल का. भाऊ म्हणाले, "शिंपड. तुंजायला दूध आवडायचं." दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी दार सताड उघडं टाकलं आणि मध्ये खुर्ची लावून ठेवली, वाऱ्याने मिटू नये म्हणून. वसतिगृहात मागे राहिलेल्या सगळ्या मुली आल्या. बकलावा चांगला झाला नव्हता. ताईंची सवय गेली होती, पाक पातळ राहिला. कुणी एक तुकडाही मागे ठेवला नाही.

सोलोंगो शिक्षण संपवून परत गेली, तिकडे खाणीवर नोकरीला लागली. तिच्या लग्नाला जायचं ताईंच्या मनात होतं, पण हृदय साथ देत नव्हतं. त्याच वसंतात ताई वारल्या, झोपेतच. सोलोंगोने फोन केला तेव्हा मी तिथेच होते. भाऊ नुसतेच फोन कानाला लावून बसून राहिले, पलीकडे तीही तशीच बसली असावी.

ताईंशिवायचा पहिला बायराम आला. मला वाटलं, समोरचं घर पुन्हा बंद पडणार. मी डोकावले, तर आत टांझानिया, कझाकिस्तान, कुठकुठल्या मुली भिंतीला टेकून बसलेल्या, आणि भाऊ मधोमध. मुलाबद्दल त्यांच्या तोंडून मी आजवर 'शहीद' याशिवाय दुसरा शब्द ऐकला नव्हता. त्या दिवशी ते सांगत होते, "आमचा तुंजाय? एक नंबरचा लबाड. सायकल चोरीला गेली म्हणून घरी येऊन रडला. आईने त्याला जवळ घेतलं, खाऊ दिला. आठवड्याने कळलं, विकून सिनेमे बघितले होते पठ्ठ्याने."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. हसावं की नाही, त्यांना कळेना. मग भाऊच हसू लागले, डोळे पुसत, आणि म्हणाले, "हसा गं. तो हसवायचाच सगळ्यांना."