दाजींच्या ब्रेकची रबरं

नातवानं जुन्या बाजारातून सळईच्या ब्रेकचा जोड आणला, भिंतीवर टांगायला म्हणे. हातात घेतला तसा गंजाचा अन् शिळ्या रबराचा वास आला. तेवढ्यात त्यानं विचारलं, "पडके दाजी असल्याच सायकलवरून पडले ना?" माझं डोकंच फिरलं.

किती वेळा सांगायचं? दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, तुळजापुरात मास्तर होते आणि सायकल झकास चालवायचे. ब्रेकचं रबर ज्या लोखंडी खोबणीत बसतं, तिचं एक तोंड बंद असतं. ते पुढच्या बाजूला हवं, नाहीतर ब्रेक दाबला की फिरतं चाक रबर ओढून बाहेर काढतं. निजाम जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. नवी रबरं मीच घातली, अन् खोबणी उलट्या बसवल्या.

घाटाच्या उतारावर दाजी सुटले ते थेट बोरीच्या जाळीत. मी पळत पोचलो तेव्हा ते मनगट धरून बसले होते.

"ब्रेक का लागला न्हाय रे?"

"तुम्हीच घाबरून वाकडा दाबला, दाजी."

"व्हय, घाबरलो असंल. बरं झालं, तू मागं बसला नव्हतास."

पुन्हा ते सायकलला शिवले नाहीत. शाळेला जन्मभर पायी गेले आणि लग्नाकार्यात 'पडके दाजी' ही आमची थट्टा ऐकून घेत राहिले.

हे सगळं मी नातवाला परत सांगितलं. तो आत ओरडला, "आई, आजोबा बघ किती मोठ्या मनाचे! अजून दाजींना सांभाळून घेतात."