प्रमोदला फिट आली नव्हती

“ही फिट नाही. ओपिऑइड ओव्हरडोस आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे अफूच्या जातीची नशा प्रमाणाबाहेर गेली की माणसाचा श्वास मंदावतो आणि मग थांबतो. समोर टेबलावर माझा धाकटा भाऊ प्रमोद निळ्या ओठांनी पडला होता.

घरी आम्ही काय केलं? कांदा फोडून नाकाशी धरला. चप्पल हुंगवली. शेजाऱ्यांनी मुठीत किल्ल्या कोंबल्या. माणूस आडवा झाला की फिटच, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ. अर्धा तास त्यातच गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं होतं, “काही नशा करतो का?” आमचे वडील, नाना, झेंडूची शेती करणारा साधा माणूस. ते ताडकन म्हणाले, “आमच्यात सुपारीचं खांड कुणी खात नाय, साहेब.”

मला खरं ठाऊक होतं. अंबडच्या कारखान्यात लागल्यापासून प्रमोद गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढत होता. त्याच्या खिशातला काळा पडलेला चंदेरी कागद मीच चुलीत घातला होता. माझं लग्न ठरत होतं, म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टर फिटचं इंजेक्शन भरू लागले, तेव्हा कुठे मी गर्दचं नाव घेतलं. त्यांनी लगेच पापणी उचलून पाहिली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

मग नॅलोक्सोनचं इंजेक्शन दिलं. हे नशेचा अंमल उतरवणारं औषध. दोन-तीन मिनिटांत प्रमोदने खोल श्वास घेतला, डोळे उघडले आणि मला शिवी हासडली. इतकी गोड शिवी मी आयुष्यात ऐकली नाही. औषध लवकर ओसरतं, नशा अंगात उरते, म्हणून त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं.

निघताना मी विचारलं, “साहेब, हे एक घरी ठेवू का? टोचायला शिकते मी.”

“अहो, क्रोसिन आहे का ते? दवाखान्यातच द्यायचं असतं.”

मी शहाण्यासारखं ऐकलं. त्या शहाणपणाचा मला आजही संताप येतो.

प्रमोद व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. गाल भरले, पहाटे नानांबरोबर फुलं तोडू लागला. इतके दिवस बंद ठेवल्यावर अंगाची सवय मोडते आणि पूर्वीएवढीच नशा जीव घेते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी, भर दुपारी, तो फुलांच्या खोलीत पडलेला सापडला.

या वेळी कांदा नाही, चप्पल नाही. रिक्षावाल्यालासुद्धा मी ओरडून सांगितलं, “गर्द घेतलाय, पळव!” जवळच्या दवाखान्यात ते इंजेक्शनच नव्हतं. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर त्याचा श्वास माझ्या मांडीवर थांबला. मी त्याच्या गालावर चापट्या मारत राहिले. मला दुसरं काही येतच नव्हतं.

तिथे औषध होतं. डॉक्टर म्हणाले, “उशीर झाला, ताई.”

दहाव्याला नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला “हार्टनं गेला” सांगत होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “गर्दने गेला.” नाना वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. ठरत आलेलं लग्नही मोडलं. तुमच्यावर ही वेळ आली तर अब्रू दाराबाहेर ठेवा आणि दवाखान्यात शिरताच खरं सांगा.

दहाव्याच्याच संध्याकाळी शेजारच्या शकुंतलावहिनी मागच्या दाराने आल्या. त्यांचा नवराही प्रमोदबरोबरच गर्द ओढायला बसायचा. “कसं वळखायचं गं?” त्यांनी हळूच विचारलं.

मोठ्या दवाखान्यातल्या एका सिस्टरने मला, फार उशिरा का होईना, शिकवलं होतं. मी जमिनीवर आडवी झाले आणि सांगत गेले. ओठ-नखं निळी पडतात. घोरल्यासारखा आवाज येतो. हाक मारून जाग येत नाही. लगेच गाडी आणायला माणूस पाठवा, हनुवटी वर करा, नाक दाबा आणि तोंडाने श्वास देत राहा.

औषध त्यांच्याकडेही नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. तसं करून पाहायला वहिनी लाजत माझ्यावर वाकल्या. त्यांचा श्वास माझ्या छातीत शिरला आणि प्रमोद गेल्यावर मी पहिल्यांदा मोठ्याने रडले.