छबुबाईनं पाणी मारलेला ओटा

शंकरप्पा गवंड्याला मूळव्याध आहे, ही बातमी चौसाळ्याच्या अलीकडच्या एका गावात टँकरच्या रांगेत कुजबुजत पसरली. पुरावा काय, तर बाबा कुठल्याच ओट्यावर टेकत नाही. हॉटेलात चहासुद्धा उभ्यानं! त्याची बायको महानंदा रांगेत दिसली की एखादी हमखास म्हणायची, "सुरण खायला घाल गं त्यांना, लई गुण येतो!" महानंदा घागर आपटायची.

तर दुष्काळ पंधरा सालचा. छबुबाईचे लेक-सून भाड्याची खोली सोडून ऊसतोडीला गेले. म्हातारीला कोयता धरवेना, म्हणून मुकादमानं तिला गाडीत घेतलं नाही. ती गावच्या शेती सोसायटीच्या कचेरीच्या ओट्यावर निजू लागली आणि चेअरमन सुंदररावांच्या डोळ्यांत सलू लागली.

"शंकरप्पा, ओट्याला असा उतार दे, मांजर निजलं तरी घरंगळलं पायजे."

"पर साहेब, म्हातारीनं जायचं कुठं?"

"तुझ्या घरी ने की बे!"

भोवतीचे हसले. शंकरप्पाच्या पडवीत जागा होती. पण तोही हसला आणि त्यानं थापी उचलली.

छबुबाई शेजारी बसून बघत होती. "आप्पा, ह्यो उतार कावून?"

"पावसाचं पाणी साचू न्हाई म्हणून, मावशी."

तीन वर्षं आभाळ कोरडं, आणि हा शहाणा पावसाची सोय करतोय! म्हातारीला मात्र ते पटलं.

नव्या सिमेंटला आठवडाभर पाणी मारावं लागतं. शंकरप्पानं मुद्दाम मारलं नाही. उन्हानं तडे जातील, ओटा फुटेल, आपण सुटू, असा त्याचा हिशेब. तिसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर ओटा ओलागच्च! छबुबाई आपल्या वाट्याच्या कळशीतून ओंजळीनं पाणी शिंपडत होती.

"तुमी इसरलात वाटतं, आप्पा. एवढं काम केलं, वाया जाया नगं."

शंकरप्पा आल्या पावली माघारी फिरला.

ओटा दगडासारखा पक्का झाला. छबुबाईनं पदर खिडकीच्या गजाला बांधून दोन रात्री काढल्या, घसरली, कोपर फोडून घेतलं. मग बोचकं उचलून हायवेच्या पुलाखाली राहायला गेली.

शंकरप्पाला मूळव्याध कधीच नव्हती. छबुबाईची निजायची जागा त्यानं मोडली होती आणि तिला खोटं सांगितलं होतं. तेव्हापासून त्याला ओट्यावर बसायची लाज वाटत होती.