भाट्ये गावात जपानी खलनायक आपटला

मित्रांनो, मंडळाच्या फळ्यावर हे आजच लिहून टाकतो, नाहीतर उद्या गजादादा मीठमसाला लावून सांगेल.

गजादादा बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीवर आलाय. येताना व्हिडिओ प्लेयर आणि जपानी कार्टूनची कॅसेट घेऊन आलाय. दुपारी सगळी वाडी त्याच्या पडवीत. भाषा कुणालाच कळेना, तेव्हा खलनायकाचं मराठी मी बोलायला लागलो. तो मिशाळ गडी दर भागात नवं यंत्र बांधतो, चिडतो आणि स्वतःच त्यातून उडून आपटतो. पोरं हसून लोळत होती. पुढे ती बसली होती. नाव लिहीत नाही, तिचे वडील हा फळा वाचतात.

"मेल्या, हा तर तूच," गजादादा म्हणाला. "चिडायचं नि आपटायचं."

मी तावातावानं उठलो. वायरीत पाय अडकला, टीव्ही बंद पडला आणि मी सारवलेल्या जमिनीवर आडवा.

ती वळून म्हणाली, "तो आपटला तरी पुढच्या भागात परत येतो ना?"

"येतो की."

"मग तू कॉलेजात परत कधी येतोयस?"

राग कुठं गेला कळलंच नाही. सरांशी भांडून सोडलेलं कॉलेज जूनमध्ये पुन्हा धरावं म्हणतो. तुम्हाला काय वाटतं? खाली खडू ठेवलाय.