पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणे

ग्रुपातल्या बायांनो, मंचरच्या नेट कॅफेतून लिहितेय. आज माझ्यावर दरोडा पडला.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून येत्या रविवारी लेकीला महाळुंग्याहून जुन्नरला आणायचं होतं. शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं तयार. आज पहाटे जावयाचा फोन आला. तिचं बीपी एकदम वाढलंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. डॉक्टर म्हणतात, थांबणं धोक्याचं, आजच सलाईनमधून औषध देऊन कळा आणायच्या.

लाडवांचा डबा घेऊन मी दवाखान्यात पोचले तर विहीणबाई माझ्या लेकीची पाठ चोळत होत्या. मला म्हणाल्या, "लांबनं आलाय, तुमी बसा निवांत. मी हाय ना." जशी काही मी पाहुणी.

कळा वाढल्या तशी लेक ओरडली, "आई गं!" आम्ही दोघी उठलो. सिस्टर म्हणाली, "एकच बाई आत चला." लेकीने सासूचा पदर धरला.

मी बाहेर बाकावर. आतून विहीणबाईंचा आवाज येत होता, "सोस बाय, झालंच." जीव लेकीत अडकलेला आणि राग मात्र त्या आवाजाचा.

दुपारी नात झाली. दोघी सुखरूप, बीपीही उतरतंय. मी लेकीला विचारलंच, "मी परकी झाले का गं?"

"तू दिसलीस की रडू येतं मला. डॉक्टर म्हणाले होते, शांत राहा, नाहीतर बीपी आणखी चढेल."

उत्तर पटलं. पण राग काही गेला नाही. निघताना पाहिलं, विहीणबाई नातीला मांडीवर घेऊन माझेच लाडू खात होत्या. "लई ग्वाड झाल्यात."

खरं सांगा, तुम्हालाही असं झालंय, की मीच बीपी तपासून घेऊ?