चांगुणाबाईंनी राखलेलं गवत

भाद्रपदातल्या एका सकाळी मागल्या दाराशी हाक आली, "बाय, घरान हाव का?" आवाज थेट चांगुणाबाईंचा. मी लगबगीनं गेले तर दारात त्यांची सून द्वारका उभी होती. "म्हातारी गेली, बाय. दहावं झालं, मंग आले सांगाया," ती म्हणाली आणि पायरीवर टेकली. मी आत जाऊन तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून आणला.

बाळांनो, तुम्ही चांगुणाबाईंना पाहिलेलं नाही. पण तुमची आई तुम्हाला रविवारी समुद्रकाठी दूरवर चालायला नेते, असं तुम्ही पत्रात लिहिता. ते चालणं कुठून सुरू झालं, हे तुम्हाला ठाऊक असावं असं मला वाटतं. म्हणून हे लिहिते. वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलं की कात्रण पाठवीन. एक गोष्ट आधीच सांगते. त्या हयात असताना मी त्यांना अगं-तुगं करत होते. आज त्यांच्याबद्दल लिहिताना मात्र 'त्या' असंच लिहिलं जातं आहे.

आमच्याकडे तेव्हा गाय होती आणि चांगुणाबाई तिच्यासाठी गवताचा भारा आणून टाकत. गाढी नदीपलीकडच्या माळावर दिवाळीनंतर गवत कापणाऱ्या बायकांत त्या होत्या. माळावरचं गवत दाबून, बांधून मुंबईच्या तबेल्यांना जाई. तुमची आई, कुसुम, अकरा वर्षांची होती. लहानपणी आलेल्या तापात तिचा उजवा पाय अधू झाला होता. सपाटीवर ती चाले, चढही हळूहळू चढे. उतारावर मात्र गुडघा दगा देई. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि दर कार्तिकात माझ्या वर्गाला माळाच्या माथ्यावर आवळीभोजनाला नेत असे. तिथल्या जुन्या आवळीखाली मुली जेवत, खेळत आणि संध्याकाळच्या आत परत येत. त्या वर्षी कुसुम माझ्याच वर्गात आली. मी विचारायच्या आतच ती म्हणाली, "मी घरीच आवळा खाईन, आई. मला चालेल." ते 'चालेल' मला सहन झालं नाही. तुमचे आजोबा म्हणाले, "वीस मुलींसमोर तिला पाठुंगळी घेऊन उतरावं लागलं, तर ती पुन्हा कशालाच बाहेर पडायची नाही." त्यांचं बोलणं खोटं नव्हतं.

मी माझ्या पद्धतीनं कागद घेऊन बसले. आजोबांनी कचेरीतला नकाशा पाहून काढून दिलेली आकृती, तिच्या शेजारी माझा तक्ता : सात वाजता शाळा, पावणेआठला नदी, नऊला माथा. भारा उतरवून चांगुणाबाई बघत राहिल्या. "काय लिवताव, बाय?" मी वाचून दाखवलं. "नि उतराचा कुठशी?" त्याच वाटेनं, मी म्हटलं. "मंग पोरीला नेऊ नका." मला राग आला. पण त्या भाऱ्यावर ऐसपैस बसल्या आणि समजावू लागल्या, "डोक्यावर भारा असला ना, बाय, का चढणीला आमी भीत नाय. उतरणीला भितो. एक पाय घसरला का मान मोडली. म्हणून भाऱ्याची वाट येगली हाय. आवळीच्या मागशी उतरते, करवंदीच्या जाळीकडून. लांब हाय, पन म्हातारी बाई बी झोपेत उतरल."

आश्विनातल्या एका रविवारी आम्ही दोघी ती वाट पाहायला गेलो. समोरून चढायचं, मागून उतरायचं आणि माळाला वळसा घालून पुन्हा नदीवर. गवत खांद्याला लागत होतं, वाऱ्यानं सगळा माळ एका बाजूला कलत होता आणि लांब कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. मी प्रत्येक वळणाला थांबून टिपून घेत होते. 'उंच गवतातली तिसरी फट, डावीकडे.' 'गवताची भिंत संपते तिथे उजवीकडे.' चांगुणाबाई कंटाळल्या. "चाला ना आता. गवत काय परीक्षेला बसलंय?" एका ठिकाणी मात्र त्यांनी माझा दंड धरला. तिथं दोन वाटा फुटत. सरळ दिसणारी वाट पुढे दगडांच्या घळीत कोसळत होती. तेही मी लिहून घेतलं.

सहलीच्या दिवशी चढ सुखरूप झाला. जेवणं झाली, आवळे वेचून झाले. मग मी वही उघडून आवळीच्या मागे गेले, तर... गवत नव्हतंच! कापणी होऊन गेली होती. फट नाही, भिंत नाही, नुसता पिवळा, खुरटा उतार. आणि त्यावर कापणाऱ्या बायकांनी तुडवलेल्या पन्नास वाटा. घळ कुठल्या बाजूला, तेही उमगेना. मागे वीस मुली, आणि कुसुम माझ्या तोंडाकडे पाहत होती. "आई, आपण समोरूनच उतरू. मी बसत बसत उतरेन," ती हळूच म्हणाली. मी वही मिटली. मिटताना नजर खाली गेली आणि हातभर उंचीचा एक झुबका दिसला. भादरलेल्या उतारावर एकटाच उभा, शेंड्याला गाठ मारलेला. पलीकडे दुसरा. मग तिसरा... प्रत्येक वळणावर एक. दोन वाटा फुटत होत्या तिथं तर दोन झुबके एकत्र बांधून घळीची वाट अडवली होती.

कुसुम सगळ्यांच्या पुढे चालली. झुबका दिसला की ओरडे, "इकडे!" आणि वर्ग तिच्या मागे. कुणी तिला हात दिला नाही, कुणाला द्यावाही लागला नाही.

पायथ्याशी चांगुणाबाई भारा बांधत होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "बाय, तुमी कागदावर गवत लिवलंव. गवत काय ऱ्हातं का?" कापणी लागली की त्या माळावरच मुक्काम करत, म्हणून निरोप देणं जमलं नव्हतं. "मुकादम लय वरडला. मी सांगतलं, आवळीच्या पूजेचं हाय, हात लावशील तर बघ." आणि पदरात तोंड लपवून हसल्या. मी त्यांना उरलेल्या पोळ्या दिल्या. आभार मानायचं मात्र राहून गेलं... तेव्हा तशी रीतच नव्हती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.

पुढे मी शाळेत होते तोवर दर कार्तिकात ते झुबके उभे असत. कुसुम लग्न होऊन साता समुद्रापलीकडे गेली, तरी चांगुणाबाई विचारत, "आपली पुढं चालणारी पोर बरी हाय ना?"

पहिल्या वर्षीचा एक झुबका मी मुळापासून कापून आणला होता. कोठीच्या खोलीत खुंटीला तो अजून टांगलेला आहे. गवत काळवंडलं, गाठ सुटलेली नाही. द्वारका सांगायला आली त्या सकाळी मी तिला तो दाखवला. तिनं गाठीवरून बोट फिरवलं. "म्हातारीचीच हाय. ती डाव्या हातानं मारायची," म्हणाली. जाताना पायरीवर थांबली. "नातवंडं कवा येतान? आता कापाया मीच जाते."

तेव्हा बाळांनो, कुठल्या वर्षी येणार ते आधी कळवा. तक्ता मी करून ठेवला आहे : सात वाजता घर, पावणेआठला नदी, नऊला माथा. उतरण्याची ओळ कोरी ठेवली आहे. पत्र मात्र दिवाळीच्या आत पोचलं पाहिजे. कापणी लागली की द्वारका गावात उतरत नाही.